तीन नद्यांच्या आत

आधी नमस्कार त्या पायांना, जे एका जागी ठरत नाहीत. देव देवळात उभा आहे, तो त्याच्या जागी शोभतो. पण ज्या जिवाला त्याने तळमळ दिली, त्याला बसणे जमत नाही, उठणे जमत नाही, निजणेही जमत नाही. मायबाप हो, अशाच एका जिवाची ही हकिकत आहे. तो जीव जळगावच्या नवीपेठेत राहतो आणि त्याचे नाव धापूबाई.

धापूबाई मारवाडातून लग्न होऊन इथे आल्या. यजमान रतनलालजी, तिथल्याच दाणाबाजारात डाळींचे व्यापारी. खाली दुकान, वर घर. पहाटे उठावे, ध्यानाला बसून सामायिक करावे, जैन स्थानकात जाऊन महासतीजींचे, म्हणजे साध्वींचे, प्रवचन ऐकावे, मग चूल, मग दुकानात येणारेजाणारे, मग पुन्हा चूल. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपले पाहिजे, कारण मावळतीनंतर पाण्याचा थेंबही वर्ज्य. बाकीचे गाव ज्या वेळी फिरायला बाहेर पडते, त्या वेळी ह्या घरात ताटे धुतलेली असायची आणि दिवसाचे दार मिटलेले असायचे. अशी सारी उमर गेली. गाव रोज धापूबाईंच्या दारावरून गेले. धापूबाई गावातून कधी गेल्या नाहीत.

रतनलालजी वारले. दुकान बंद झाले. मुलगा जिनेश केव्हाच पुण्याला स्थिरावला होता. तो आषाढात आला, तो मनाशी सगळे ठरवूनच. घराला गिऱ्हाईक बघून ठेवले होते.

“बाई,” तो म्हणाला. त्यांच्या घरात आईला बाईच म्हणतात. “आता पुरे झालं एकटीनं राहणं. सामान बांध. स्थानक पुण्यातही आहे, महासतीजी पुण्यातही आहेत, आणि पलकला दिवस गेलेत. नातीच्या बाळंतपणाला दादी नको का?”

पलक म्हणजे जिनेशची मुलगी, धापूबाईंचा जीव की प्राण. तिचे नाव निघाल्यावर नाही म्हणायला तोंड उरले नाही. पण हो म्हणायलाही जीभ वळेना. पुण्याचा तो अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट धापूबाईंनी पाहिला होता. तिथे गॅलरीतून खाली बघितले की माणसे मुंग्यांएवढी, आणि घरात दिवसभर त्या एकट्या, हात मांडीवर ठेवून. एकदा इथले घर विकले की तिथून परतायला जागा उरणार नव्हती. हे सगळे पोटात होते आणि ओठांवर आले ते भलतेच.

“येईन की. पण एवढी वर्षं इथे काढली आणि मी माझं गाव पाहिलं नाही. पावसाळाभर मला ते पाहू दे.”

जिनेश हसला. “जळगावात पाहायला आहे काय? केळी आणि ऊन?”

“तर मग तेच पाहीन,” धापूबाई म्हणाल्या.

बोलल्या खऱ्या, पण मुलाचा भरवसा वाटेना. उद्या गाडी घेऊन आला तर? आज समजूत पटली, उद्या फिरली तर? रात्र तशीच गेली. आषाढी पौर्णिमेला चातुर्मास बसला आणि सकाळी स्थानकात भर जैन संघासमोर धापूबाई हात जोडून उभ्या राहिल्या.

“महासतीजी, मला दिशांची मर्यादा द्या. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत.”

हे जैन गृहस्थांचे एक व्रत आहे. माणसाने स्वतःला कुंपण घालून घ्यायचे. अमुक दिशेला अमुक जागेपलीकडे पाऊल टाकायचे नाही. हावरी धाव आवरावी, म्हणून ज्ञानी माणसांनी सांगितलेले. धापूबाईंनी कुंपणाच्या खुणा सांगितल्या: उत्तरेला तापी, पश्चिमेला गिरणा, पूर्वेला वाघूर, दक्षिणेला म्हसावद. तीन नद्या आणि एक गाव.

महासतीजींनी तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीआडून विचारले, “आगार काय ठेवता?”

आगार म्हणजे सवलत. आजारपण आले, कुणाचे बरेवाईट झाले, तर तेवढ्यापुरती मोकळीक. शहाणा माणूस व्रत घेतो तेव्हा आगार ठेवूनच घेतो.

“एकही नको,” धापूबाई म्हणाल्या.

“ठेवा, धापूबाई. चार महिने म्हणजे थोडे नाहीत.”

“नको.”

बायकांच्या रांगेतून धन्यतेचा हुंकार उठला. केवढी ही दृढता! केवढा हा वैराग्यभाव! आणि त्या हुंकाराखाली मान घालून उभ्या राहिलेल्या धापूबाईंना मात्र ठाऊक होते, की आपण हे कुंपण पापाला अडवायला घातलेले नाही. पोटच्या पोराला अडवायला घातले आहे.

आता ह्या बाईचा स्वभाव असा, की तोंडातून गेलेला शब्द खोटा पडलेला तिला सोसत नाही. गाव पाहायचे आहे, असे मुलाला सांगितले होते. तो बहाणा होता, पण शब्द होता. तेव्हा तो खरा करणे आले. कोपऱ्यावरच्या स्टँडवर तोताराम नावाचा रिक्षावाला असे, धरणगावकडचा, अहिराणी बोलणारा, जिभेचा मोकळा. त्याला तिने वर बोलावले.

“मला गाव दाखवशील का?”

तोताराम बघतच राहिला. “अक्का, तुमी आठेच ऱ्हातस ना?”

“राहते. पाहिलं नाही.”

“मंग चला. मी बी येवढा दिन फक्त लोके पाहात, गाव कोठे पाहं!”

पहिल्या दिवशी मेहरूणचा तलाव. श्रावणाची सकाळ, पाणी काठोकाठ भरलेले, काठच्या वाटेवरून चालणारे, धावणारे, मोबाइलवर मोठ्याने बोलत व्यायाम करणारे. धापूबाईंच्या हातात उकळून गार केलेल्या पाण्याची किटली. हिरव्या गवतावर पाय पडून जीव दुखवू नये, म्हणून त्या सिमेंटच्या पट्ट्यावरूनच चालत होत्या. तोतारामने पदराएवढी कोरडी जागा शोधून दिली.

“बठा आठे घडीभर. थंडगार वारा शे.”

धापूबाई बसल्या. लगेच उठल्या. पाण्याकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले, रिक्षाकडे पाहिले. “पाहिला. पुढे काय आहे?”

“अरे! अक्का, तलाव पाहाले येल शेतस का हजेरी लावाले?”

तरसोदच्या गणपतीला गेल्या, तिथेही तेच. लोक रांगेत, नारळ फुटताहेत, घंटा वाजते आहे, आणि धापूबाई खांबाशी उभ्या, डोळ्यांनी भराभर सगळे टिपून घेत असलेल्या, जसे कुणी मागून हाका मारते आहे.

“हात तरी जोडा,” तोताराम कुजबुजला. “तो बी कोनाना ना कोनाना देव शे.”

“मनात नवकार मंत्र म्हटला.”

“इतल्या लवकर?”

“माझा नवकार लहान आहे आणि तुझं तोंड मोठं आहे. चल.”

अशा त्या आठवड्यातून एकदा, कधी दोनदा निघू लागल्या. जाताना घाई, पोचल्यावर घाई, परतताना अधिकच घाई, कारण सूर्य मावळायच्या आत घरी ताट वाढलेले पाहिजे. तोतारामला वाटे, म्हातारीला वेड लागले आहे. शेजारणींना वाटे, पुण्याला जाण्याआधी हौस फेडते आहे. आणि धापूबाईंच्या छातीत एकच घण पडत होता: कार्तिक जवळ येतो आहे, कार्तिक जवळ येतो आहे.

भाद्रपदात त्या कानळद्याला गेल्या. गिरणेच्या काठी कण्व ऋषींचा आश्रम सांगतात, ती जागा. उंच दरड, खाली गढूळ पाणी, वर लिंबाची दाट सावली. खाली उतरण्याची वाट गवताने झाकून गेली होती, म्हणून त्या वरच थांबल्या. तिथे शेंगा सोलत बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकरणीने डोळ्यांवर हात धरून विचारले, “दानाबजारातल्या रतनशेठना घरना का तुमी?”

“हो. तुम्ही ओळखता?”

“आम्हनी तूर त्यासनाकडेच जाये. तुमनं तोंड कधी दिसनं नही. वरथीन बांगड्यासना आवाज ये फक्त.” बाई हसली, तिला दात थोडेच होते. “आज तोंड बी दिसनं. बठा ना, शेंगा खा.”

धापूबाईंना चातुर्मासात ओल्या शेंगा चालत नव्हत्या. पण त्या बसल्या. बसल्या आणि उठायचे विसरल्या. ती बाई, भिकुबाई तिचे नाव, नदीला पूर आला तेव्हाचे सांगू लागली, सुनेचे सांगू लागली, कापसाच्या बोंडांचे सांगू लागली. तोताराम रिक्षात पाय वर घेऊन झोपला. नदी वाहत होती, बोलणे वाहत होते, आणि एका बाईच्या बांगड्यांचा आवाज दुसरीने किती वर्षे जपून ठेवला होता, ह्या विचाराने धापूबाईंच्या डोळ्यांना पाणी आले.

“अक्का, ऊन कलनं!” तोताराम ओरडला, तेव्हा कुठे त्या भानावर आल्या.

परतताना रिक्षात त्यांना कळून चुकले, की फसगत झाली आहे. हे गाव त्यांनी बहाणा म्हणून पाहायला घेतले होते. आता ते त्यांना खरोखर पाहायचे होते. सगळे पाहायचे होते. विदगावच्या पुलाअलीकडे थांबून त्यांनी तापी पाहिली. बांभोरीच्या पुलाअलीकडे थांबून गिरणा पाहिली. पलीकडच्या काठावरून ट्रक येत होते, पलीकडे एरंडोल होते, पद्मालय होते, पारोळ्याचा किल्ला होता.

“तठे चालूत का?” तोताराम हँडलवर हात ठेवून म्हणाला. “निस्ता पूल तर शे.”

“मर्यादा आहे.”

“कोनी घाली?”

“मीच.”

“मंग तुमीच काढा!”

 पुलाच्या तोंडाशी एक पाय रिक्षात, एक पाय रस्त्यावर, अशा धापूबाई किती तरी वेळ उभ्या होत्या.

आणि आश्विनात फोन आला. पलक वेळेआधी बाळंत झाली होती. मुलगी झाली. बाळ लहान होते म्हणून काही दिवस काचेच्या पेटीत ठेवले होते. आता धोका नव्हता, पण पलक घाबरून गेली होती.

“दादी,” ती म्हणाली, “मम्मी आहे, सासूबाई आहेत, पण तू ये ना. तू आलीस की मग नाव ठेवू.”

मायबाप हो, त्या घडीला धापूबाईंना आपले कुंपण दिसले. पुण्याच्या वाटेवर आडवी आलेली ती वाघूर, ती गिरणा, ते म्हसावद. सगळे आपल्याच हाताने रोवलेले. आजारपणाचा आगार ठेवला असता तर? बाळंतपणाचा ठेवला असता तर? महासतीजी विनवत होत्या आणि आपण ताठ मानेने नको म्हणालो.

जिनेशने फोन घेतला. “मग, गाडी पाठवू ना?”

“जिनेश, माझी मर्यादा आहे रे. पौर्णिमेपर्यंत.”

 तो बोलला, आणि असा बोलला की धापूबाईंनी रिसीव्हर कानापासून दूर धरला. “तळी पाहायला रिक्षातून गावभर फिरतेस, आणि पणतीला पाहायला तुला धर्म आडवा येतो? असला कसला धर्म गं, बाई?”

फोन बंद झाला.

त्या दिवशी धापूबाई जेवल्या नाहीत. वरच्या खोलीतून खाली, खालच्या बंद दुकानातून वर, पुन्हा खाली. दुपारी भर उन्हात त्या स्थानकात गेल्या. प्रवचन संपले होते, ओटे रिकामे होते. महासतीजी आतल्या खोलीत शास्त्र वाचीत बसल्या होत्या.

“मला मोकळं करा,” धापूबाई दारातूनच म्हणाल्या. “नात बोलावते आहे.”

महासतीजींनी पोथी मिटली. “व्रत मोड, असं मी कुणाला सांगू शकत नाही. पण एक विचारू का? आगार का ठेवला नाहीत?”

आणि मग बांध फुटला. संघाने ज्याला वैराग्य म्हटले ते भय होते, ज्याला दृढता म्हटले ती चलाखी होती, हे सगळे धापूबाईंनी सांगून टाकले. मुलाला नाही म्हणायची हिंमत झाली नाही. म्हणून धर्माला पुढे केले आणि आपण त्याच्या मागे लपलो. सांगताना पदर तोंडाशी होता आणि खांदे हलत होते.

महासतीजींनी त्यांना रडू दिले. मग म्हणाल्या, “मर्यादा घेतली आहे, ती पुरी करा. जे लपवलं आहे, ते उघड करा. ते सांगायला कुठलीच नदी ओलांडावी लागत नाही.”

घरी येऊन धापूबाईंनी स्वतः फोन लावला. दोनदा चुकीचा आकडा दाबला गेला.

“जिनेश, ऐक. मधे बोलू नकोस, नाही तर माझ्याच्यानं होणार नाही. ती मर्यादा मी तुला अडवायला घेतली. गाव पाहायचं आहे, हेही तेव्हा खोटं होतं. मला पुण्याला राहायला यायचं नव्हतं. तिथे गेले की मला परत येता येणार नाही, ह्याची भीती वाटत होती.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू चांगला मुलगा आहेस. चांगल्या मुलाला नाही म्हणायला लई जड जातं.”

त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“आणि आता आणखी एक. तेव्हा खोटं होतं ते आता खरं झालं आहे. मला हे गाव सोडवत नाही. अर्धं पाहून झालं आहे, अर्धं नदीपलीकडे आहे. घर विकू नकोस. पलकला सांग, पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी दादी येते. येते, आणि परतही जाते. हे मी आजच सांगते आहे.”

“बरं,” एवढेच तो म्हणाला, आणि त्या बरंमध्ये राग होता की संमती, हे काही कळले नाही.

दिवाळी आली. दर वर्षी येणारा जिनेश आला नाही. रोज फोन करणाऱ्याचा फोन आठवड्याने आला, तोही बाळाचे वजन सांगण्यापुरता. धापूबाईंनी दारात पणत्या लावल्या, महावीर निर्वाणाचा जप केला, शेजारच्या पोरांना मिठाई वाटली, आणि जिन्यावर पाऊल वाजले की दर वेळी उठून पाहिले. तोतारामने दोनदा विचारले, “अक्का, आज कोठे?” दोन्ही वेळा त्या नको म्हणाल्या. जीव तर फिरतच होता. आता पायांना वाट सापडत नव्हती.

कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. जुन्या गावातून निघालेला तो लाकडी रथ, झेंडूच्या माळांनी मढलेला, माणसांनी दोरांनी ओढायचा, आणि चाकांखाली मोगरी नावाचे लाकडी ठोकळे सारून त्याला वळवायचा, थांबवायचा. धापूबाईंनी आजवर त्याचा गलका गच्चीवरून ऐकला होता, टोकाचा कळस तेवढा पाहिला होता. ह्या वर्षी दुपारी तोताराम त्यांना रस्त्यावर घेऊन गेला. गर्दी एवढी की श्वासाला जागा नाही. रामनामाचा घोष उसळला, आणि तो डोंगराएवढा रथ हलला. ठोकळे सारणारी माणसे चाकाला खेटून, घामाने निथळत, नेमक्या क्षणी ठोकळा सारीत, नेमक्या क्षणी ओढीत. हात मागे घ्यायला पापणी लवण्याएवढा उशीर झाला तर हात गेला. धापूबाईंनी डोळे मिटून घेतले.

“उघडे ठेव,” मागून कुणी म्हणाले. “पाहायला आलीस ना?”

जिनेश होता. कपडे प्रवासाने चुरगळलेले, दाढी वाढलेली.

“तू कधी आलास?”

“आत्ताच. घरी कुलूप होतं. कोपऱ्यावरचे म्हणाले, अक्का रथाला गेल्या.” तो रथाकडे पाहत राहिला. “मला लहानपणी तू कधी खाली येऊ दिलं नाहीस. गर्दीत हरवशील म्हणायचीस.”

“मीच कधी आले नव्हते रे.”

रथ पुढे सरकला, गर्दीचा लोंढा आला, आणि जिनेशने आईचा दंड घट्ट धरला. दोघेही लोंढ्यासोबत वाहत गेले. वळणावर चाक अडले, ठोकळे लागले, हजार तोंडांनी हाक उठली, रथ वळला. जिनेशच्या तोंडातूनही ती हाक गेली. मग तो आईच्या कानाशी वाकून म्हणाला, “घराच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगितलं मी. काल.”

धापूबाईंनी त्याच्याकडे पाहिले.

“पटलं म्हणून नाही,” तो म्हणाला. “मला अजून पटलेलं नाही. उद्या तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? रात्री झोप लागत नाही मला.”

“मलाही नाही लागत,” धापूबाई म्हणाल्या. “तुझ्या घरातही लागणार नाही, माझ्या घरातही लागणार नाही. पण इथे सकाळ झाली की मला कुठे तरी जायचं असतं.”

जिनेश पौर्णिमेपर्यंत राहिला. मायलेक एकाच घरात, पण धड बोलणे नाही. तो खाली बंद दुकानात जाऊन उभा राहायचा, ती वर चूल लावायची. एकदा त्याने विचारले, तळं एवढं काय पाहण्यासारखं आहे? ती म्हणाली, जाऊन बघ. तो गेला नाही.

पौर्णिमा झाली. दुसऱ्या सकाळी महासतीजींनी विहार केला, म्हणजे त्या पायी पुढच्या गावाला निघाल्या. संघ त्यांना वेशीपर्यंत पोचवून आला. मग जिनेशने गाडी दाराशी आणली. डब्यात मेथीचे लाडू, बाळाला आंगडी, झबली. तोताराम निरोपाला आला होता.

“अक्का, कवय येशात परत?”

 जिनेश गाडीच्या दाराला हात लावून उभा होता आणि ऐकत होता.

“महिन्यानं,” त्या मोठ्याने म्हणाल्या.

गाडी सुटली. शिरसोली मागे पडली, शेते मागे पडली, आणि बऱ्याच वेळाने, रस्त्यावरून नजर न काढता, जिनेश म्हणाला, “महिन्यानं म्हणजे नाताळच्या सुट्या. गाड्यांना गर्दी असते. तुझं परतीचं तिकीट आत्ताच काढून ठेवू का?”

“ठेव,” धापूबाई म्हणाल्या, आणि काच खाली करून त्यांनी बाहेर पाहिले.